आपत्ती जाहीर कोण करणार?

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील सॉफ्टवेअर कंपनीत, सांवेर रोडवरच्या कारखान्यात किंवा राजवाड्याच्या आसपासच्या एखाद्या सहकारी बँकेत जाऊन विचारावे, की उद्या सकाळी काम ठप्प झाले तर तुमची तयारी काय? उत्तर बहुधा एकाच साच्याचे मिळते. माहितीचा बॅकअप रोज रात्री होतो, जनरेटर आहे, विमा उतरवलेला आहे, आणि ‘बिझनेस कन्टिन्युइटी प्लॅन’ नावाची जाडजूड फाइल लेखापरीक्षकाने पाहूनही झाली आहे. या उत्तरात खोटे काहीच नाही. पण ‘आपल्याकडे दुसरी प्रत आहे का?’ एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि हा प्रश्न उथळ आहे.

माझे म्हणणे असे: संकटात संस्था कोलमडते ती पुष्कळदा वस्तू किंवा माहिती गमावल्यामुळे नव्हे, तर निर्णयाचा अधिकार गोठल्यामुळे. दुसरी प्रत असते, पर्यायी जागाही असते. पण ‘आता नेहमीची पद्धत सोडा’ असे म्हणण्याचा हक्क कोणाचा, तो कधी वापरायचा आणि ती व्यक्ती जागेवर नसेल तर पुढे कोण, हे कोणी ठरवलेलेच नसते. म्हणून कामकाजाचे सातत्य हा मुळात अधिकारवाटपाचा प्रश्न आहे. संगणक विभागाकडे तो ढकलून सुटत नाही. हे म्हणणे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. दुसरी प्रत असूनही

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले. दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला आणि सौद्यांची जोखीम तपासणारी यंत्रणा त्यामुळे अडली. अशाच प्रसंगासाठी एनएसईचे पर्यायी केंद्र चेन्नईत सज्ज होते. तिकडे व्यवहार हलवले गेले नाहीत. मुख्य केंद्र शाबूत आहे, ते लवकरच पूर्ववत होईल, या हिशेबात तास गेले. बाजार बंद होण्याची नेहमीची वेळ साडेतीनची. त्या सुमारास जाहीर झाले, की व्यवहार ३.४५ ते ५ या वेळेत पुन्हा होतील. तोवर अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे मुंबई शेअर बाजारात, म्हणजे बीएसईवर, मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते.

त्यानंतर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने काय केले, ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मार्च २०२१ मध्ये तिने नियम घातला, की महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. या नियमातल्या पहिल्या आकड्यासाठी एकही नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. ‘अजून थोडा वेळ पाहू’ असे म्हणत बसण्याची मुभा तेवढी त्याने काढून घेतली. चेन्नईचे केंद्र ही दुसरी प्रत होती. ती वापरायची केव्हा, हा प्रश्न मात्र माणसांच्या हिमतीवर सोडलेला होता.

दुसरा दाखला परदेशातला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य विदागार पुसले गेले. माहिती वाचवण्याच्या पाच वेगवेगळ्या सोयी तिथे होत्या. ऐन वेळी त्यातली एकही धड चालली नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत योगायोगाने हाताशी होती, म्हणून नुकसान सहा तासांवर निभावले. कंपनीने पुढे प्रांजळपणे प्रसिद्ध केलेल्या चौकशीत कारण सांगितले, की प्रतींवरून यंत्रणा उभी करून पाहण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. तंत्र पाच प्रकारचे होते आणि जबाबदार माणूस एकही नव्हता.

२. होळकरांच्या घरातले दोन वारसाप्रसंग

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. इंदूरचा स्वतःचा इतिहास त्याचे उत्तम उदाहरण आहे, फक्त आपण तो या दृष्टीने वाचत नाही.

मल्हारराव होळकर १७६६ मध्ये गेले. मुलगा खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता. नातू मालेराव गादीवर आला आणि १७६७ मध्ये तोही वारला. वर्षाच्या आत दोन प्रमुख गमावलेली ही दौलत. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड दत्तक बसवण्याचा आग्रह धरून होते आणि त्यांच्या सांगण्यावरून रघुनाथराव फौज घेऊन माळव्यात आले. तरीही राज्य मोडले नाही. अहिल्याबाईंनी दत्तकाला नकार दिला, शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली आणि माधवराव पेशव्यांकडून आपल्या कारभाराला मान्यता मिळवली. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे गेली.

हे केवळ अहिल्याबाईंच्या धैर्याचे फळ मानणे अपुरे आहे. मल्हाररावांनी हयातीतच तोफखाना, रसद, वसुली यांची कामे सुनेवर सोपवली होती. अधिकार हाती येण्याच्या आधी त्याचा सराव झालेला होता आणि हाताखालच्या माणसांना तिचा हुकूम ओळखीचा होता. प्रमुख नाहीसा झाल्यावर कारभार कोण पाहील, याचे उत्तर कागदावर नव्हते, पण व्यवहारात रुजले होते.

आता तीस वर्षे पुढे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या. १७९७ मध्ये तुकोजीही गेले. राजधानी महेश्वरचा खजिना रिता नव्हता, दफ्तर जागेवर होते, फौज होती. म्हणजे आजच्या भाषेत साधनसामग्री आणि माहिती दोन्ही शाबूत. तरीही काही महिन्यांत घर फुटले. तुकोजींचा मुलगा काशीराव याच्या पाठीशी दौलतराव शिंदे उभे राहिले, त्याचे भाऊ दुसरे मल्हारराव त्याच साली पुण्यात मारले गेले, १८०१ मध्ये दुसरे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याच्या फौजेने इंदूर लुटून राजवाडा जाळला.

बाहेरचा दाब होता म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. पण दाब १७६७ मध्येही होता. रघुनाथरावाची फौज क्षिप्रेपर्यंत आली होती. फरक पडला तो आत. कारभार महेश्वरी आणि फौज तुकोजींकडे, ही विभागणी दोन माणसांमधली होती. त्या दोघांनंतर तिसरा कोण, चौथा कोण, हे सर्वांना मान्य होईल असे ठरलेच नाही. उत्तम माणसांवर चाललेली व्यवस्था त्या माणसांबरोबर संपली. अहिल्याबाईंचा गौरव करणाऱ्या आपण इंदूरकरांनी हाही धडा घ्यायला हवा, की श्रेष्ठ प्रशासक आणि टिकणारे प्रशासन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सियागंजातल्या किंवा कापड बाजारातल्या ज्या पेढीत बँकेचे पासवर्ड, पुरवठादारांशी झालेले तोंडी करार आणि उधारीचा हिशेब एकट्या शेठजींच्या किंवा जुन्या मुनीमजींच्या डोक्यात आहे, तिची अवस्था १७९५च्या दौलतीपेक्षा वेगळी नाही.

३. कारणांची यादी कुचकामी असते

सामान्य योजनांचा आणखी एक दोष त्यांच्या रचनेत असतो. भूकंप आल्यास काय, आग लागल्यास काय, पूर आल्यास काय, अशी प्रकरणे पाडलेली असतात. संकटांच्या या सूचीत खरे संकट बहुधा नसतेच. २०१९ साली किती कंपन्यांच्या फायलीत ‘देशभर टाळेबंदी’ असे प्रकरण होते?

कारणे अगणित असली तरी परिणाम मोजके असतात. संस्था चार गोष्टी गमावू शकते: जागा, माणसे, माहिती आणि बाहेरचा पुरवठा. जागा आगीने जावो, दंगलीने जावो किंवा न्यायालयाच्या टाळ्याने जावो, कर्मचाऱ्याने सोमवारी सकाळी कुठे बसायचे हा प्रश्न तोच राहतो. राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा जळला. लूट, आग, दंगल असे प्रसंग वेगवेगळे, हानी एकाच जातीची. चार प्रकारच्या हानींसाठी चार उत्तरे तयार ठेवणे शक्य आहे. चाळीस कारणांसाठी चाळीस उत्तरे ठेवणे केवळ फाइल जाड करते, आणि जाड फाइल संकटाच्या सकाळी कोणी उघडत नाही.

४. आधी काय, मग काय: हा हिशेब नैतिकही आहे

या क्षेत्रात दोन मोजमापे वापरतात. काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे, याला आरटीओ म्हणतात. किती वेळाची माहिती गमावली तर चालेल, याला आरपीओ. आयएसओ २२३०१ हे मानकही आधी हेच विचारते, की कोणते काम किती काळ थांबले तर नुकसान सोसवेनासे होईल. वरवर पाहता हे तांत्रिक आकडे आहेत. खरे तर प्रत्येक आकडा म्हणजे कोणाला आधी वाचवायचे आणि कोणाला ताटकळत ठेवायचे, याचा निवाडा आहे. बँकेने कर्जवसुलीची यंत्रणा दोन तासांत आणि ठेवीदाराला पैसे देणारी यंत्रणा दोन दिवसांत सुरू करायचे ठरवले, तर तिच्या लेखी माणसांची उतरंड काय आहे ते कळते.

इंदूरला याचा कडवट अनुभव आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. सुमारे ४,८०० कामगार आणि त्यांच्या वारसांच्या थकीत देण्याचा २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. तीन दशकांत कित्येक कामगार देणे पदरी न पडताच गेले. गिरणीचे बंद होणे ही बाजाराची गोष्ट असेल. पण बंद पडण्याच्या दिवशी मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचे काय, हे आधी ठरवून त्यासाठी पैसा वेगळा ठेवणे हा सातत्याचाच भाग आहे. धंदा सुरू राहील की नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. जबाबदाऱ्या सुरू राहतील याची तरतूद करता येते. ‘बिझनेस’ या शब्दाच्या मोहात आपण दुसरी बाजू विसरतो.

५. आपली साखळी दुसऱ्याच्या हातात

पुढचा टप्पा परावलंबनाचा. इंदूरचे पाणी प्रामुख्याने नर्मदेवरून येते. १९७०च्या जनआंदोलनानंतर ही योजना मंजूर झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस पाणी शहरात पोहोचले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि सुमारे ५०० मीटरचा चढ पार करून ते पंपांनी वर चढवावे लागते. म्हणजे शहराचे पाणी विजेवर अवलंबून. यशवंत सागर आणि बिलावली आहेत, पण त्यांचा वाटा थोडा. अशा शहरात रुग्णालयाने स्वतःचा जनरेटर घेतला आणि तयारी पूर्ण झाली असे मानले, तर ती अर्धीच तयारी. डायलिसिसला वीज लागते तसे पाणीही लागते, आणि वीज दीर्घकाळ गेली तर शेजारच्या सर्व संस्था त्याच टँकरवाल्याला फोन लावणार.

बँकिंगमध्ये हीच गोष्ट ३१ जुलै २०२४ रोजी दिसली. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी छोट्या बँकांना संगणकीय यंत्रणा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला देयक-जाळ्यातून तोडले. देशातल्या सुमारे ३०० बँकांचे, बहुतांश सहकारी आणि ग्रामीण, ऑनलाइन व्यवहार थांबले. त्या बँकांच्या स्वतःच्या दालनात काहीही जळले नव्हते. त्यांचे बॅकअप कदाचित उत्कृष्ट असतील, त्यांचा इथे उपयोग शून्य. ग्राहकाला काय सांगायचे, शाखेत रोख किती ठेवायची, हातपावतीवर किती रकमेपर्यंत पैसे द्यायचे आणि हे ठरवण्याचा अधिकार शाखा व्यवस्थापकाला आहे का, हेच त्या दिवशी कामाचे प्रश्न होते. बाहेरचा दुवा तुटला की संस्थेकडे उरते ती फक्त तिच्या माणसांची निर्णयक्षमता.

६. सराव म्हणजे देखावा नव्हे

अधिकार कागदावर दिल्याने हाती येत नाही, वापरल्याने येतो. शनिवार २ मार्च आणि शनिवार १८ मे २०२४ रोजी दोन्ही शेअर बाजारांनी खरे व्यवहार भरवले, पहिले सत्र मुख्य केंद्रावरून आणि दुसरे पर्यायी केंद्रावरून. खरे पैसे, खरे सौदे. २०२१च्या दुपारपासून इथवरचा प्रवास नव्या यंत्रापेक्षा नव्या सवयीचा आहे. याउलट आपल्याकडचा सराव म्हणजे आधी तारीख कळवून वाजवलेला भोंगा, जिना उतरून आवारात काढलेले छायाचित्र आणि अहवालात ‘यशस्वी’ हा शेरा. ज्या सरावात काहीच मोडत नाही त्यातून काहीच कळत नाही.

इंदूरनेच शंभर वर्षांपूर्वी सरावाची एक वेगळी तऱ्हा पाहिली आहे. प्लेगने गांजलेल्या शहराच्या नियोजनासाठी तुकोजीराव तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस यांना बोलावले. १९१८ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. पण त्याच्या आधी १९१७च्या दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढली आणि जी वस्ती घरे-रस्ते अधिक स्वच्छ करील तिथून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. अहवाल वाचणारे थोडे होते; मिरवणुकीने मात्र घराघराला काहीतरी करायला लावले. योजना सामान्य माणसाच्या हातात कामाच्या रूपाने पडली, की ती योजना होते.

७. अपेक्षित आक्षेप

पहिला आक्षेप: छोट्या संस्थेला हे परवडत नाही. परवडत नाही ते दुसरे विदाकेंद्र. कोणी गैरहजर असता कोण निर्णय घेईल, किती रकमेपर्यंत, किती वेळ, याची एका पानाची नोंद फुकट होते. गंमत अशी, की आपण खर्चिक गोष्ट आधी करतो आणि फुकटची टाळतो. कारण पहिलीला पैसा लागतो, दुसरीला मालकाचा अहंकार थोडा सैल करावा लागतो.

दुसरा आक्षेप: आपली माणसे वेळ आली की निभावून नेतात, मार्च २०२० मध्ये कोणाकडे योजना होती? निभावले हे खरे, पण ज्यांनी निभावले त्यांचीच गोष्ट आपण ऐकतो. ज्यांनी शटर कायमचे ओढले ते चर्चासत्राला येत नाहीत. शिवाय त्या काळात ज्या संस्था तगल्या तिथे काय घडले ते बारकाईने पाहावे. कनिष्ठांनी परवानगीची वाट न पाहता निर्णय घेतले आणि वरच्यांनी ते मागाहून मान्य केले. ही अधिकाराची वाटणीच होती, फक्त चोरून झालेली. माझी मागणी ती उघडपणे करण्याची आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अधिकार खाली दिला तर गैरवापर होईल, विशेषतः पैशांच्या संस्थेत. धोका खरा आहे, म्हणून अधिकाराला रकमेची आणि वेळेची मर्यादा हवी, दोन सह्या हव्यात आणि नंतर लेखी जाब हवा. पण केंद्रीकरण सुरक्षित असते हा भ्रम आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. मोठी लूट झाली तो ११ ऑगस्ट म्हणजे दुसरा शनिवार, बँकांच्या सुटीचा दिवस. चोर साहेबांची सुटी पाहून येतात. अशा वेळी पैसे देण्याचा नसला, तरी यंत्रणा बंद करण्याचा अधिकार तिथे जागा असलेल्या माणसाकडे असावाच लागतो. थांबवण्याचा अधिकार जितका खाली, तितकी संस्था सुरक्षित.

चौथा आक्षेप: माहितीच गेली तर अधिकार घेऊन काय करायचे? बरोबर आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी विदाकेंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली; तिची बाहेर प्रत नव्हती. प्रतीचे महत्त्व मी नाकारत नाही. पण साठा फार मोठा आहे म्हणून त्याची प्रत ठेवायची नाही, हाही कोणीतरी घेतलेला निर्णय होता. ज्यांचे काम त्यावर चालणार होते त्यांच्या हाती तो निर्णय बदलण्याचा काही मार्ग होता का, हा प्रश्न शेवटी आपल्याला पुन्हा अधिकाराकडेच आणतो.

८. मग करायचे काय

निष्कर्ष व्यवहारात उतरवायचा तर चार गोष्टी पुरेत. एक, प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी पहिला, दुसरा आणि तिसरा निर्णयकर्ता नावानिशी ठरवावा आणि पहिल्याने रजेवर जाताना फोन खरोखर बंद ठेवावा. दोन, किती मिनिटांनंतर ‘आपत्ती’ आपोआप मानली जाईल, तो आकडा आधी लिहावा. चर्चेने ठरवायचे म्हटले तर आशा नेहमी जिंकते. तीन, ज्यांच्यावर आपण अवलंबून आहोत त्या पुरवठादारांची यादी करून प्रत्येकाविना एक दिवस काम चालवून पाहावे. चार, माहितीची प्रत आहे असा दाखला स्वीकारू नये. तिच्यावरून यंत्रणा कोणत्या तारखेला, किती वेळात उभी राहिली, हे विचारावे.

हे घडवून आणण्याचा दबाव बाहेरून यायला हवा. रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०२४ रोजी कार्यात्मक जोखीम आणि लवचिकतेबाबत मार्गदर्शक टिपण काढले आणि सहकारी बँकांनाही त्याच्या कक्षेत घेतले. पण टिपणाचे रूपांतर पुन्हा फायलीत होऊ नये याची काळजी नियामकापेक्षा सभासद चांगली घेऊ शकतो. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत आपण लाभांशाच्या टक्क्यावर आणि भेटवस्तूवर तावातावाने बोलतो. यंदा एक प्रश्न वाढवावा: गेल्या वर्षी आपल्या संस्थेने पर्यायी व्यवस्थेवर कोणत्या दिवशी काम केले, त्या दिवशी अध्यक्ष आणि मुख्य अधिकारी बाजूला होते का, आणि काय काय अडले? ‘सर्व सुरळीत पार पडले’ असे उत्तर आले, तर सभासदांनी अहवाल मंजूर करू नये. अडलेल्या गोष्टींची यादी जी संस्था न लाजता वाचून दाखवील, ठेव तिथे ठेवावी.